विश्लेषण : ओळखपत्राच्या लॅमिनेटरवर सर्किट बोर्ड कसा तयार होतो? यंत्रात फेरफार करणे कितपत सुरक्षित?

ओळखपत्र, गुणपत्रिका, दुकानातले दरपत्रक अशा कागदांवर प्लास्टिकचे आवरण चढवणारे छोटे लॅमिनेटर अनेक घरांत, शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत असते. इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेली मंडळी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी मात्र याच यंत्राकडे वेगळ्या नजरेने पाहतात. लेझर प्रिंटरवर छापलेले सर्किट तांब्याच्या पाटीवर उतरवण्यासाठी ते लॅमिनेटर वापरतात. त्यासाठी काही जण यंत्र उघडून त्याचे तापमान वाढवतात, वेग कमी करतात आणि रोलरमधली वाट मोकळी करतात. हे नेमके कसे होते, मूळ यंत्र कुठे कमी पडते आणि २३० व्होल्टच्या तापणाऱ्या यंत्रात हात घालताना कोणती चूक महागात पडू शकते, याचा हा आढावा.

सर्किट बोर्ड म्हणजे काय?

मोबाइलपासून मिक्सरपर्यंत कोणतेही उपकरण उघडले की आत हिरव्या रंगाची एक पाटी दिसते. तिच्यावर सुटे भाग बसवलेले असतात आणि ते जोडायला तारांऐवजी तांब्याच्या बारीक पट्ट्या असतात. हाच प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी. व्हिएन्नात जन्मलेले अभियंता पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये असे छापील सर्किट असलेला रेडिओ तयार केला होता. दुसऱ्या महायुद्धात छापील सर्किटांचा लष्करी वापर झाला आणि युद्धानंतर हे तंत्र घरगुती उपकरणांत आले.

मूळ कल्पना साधी आहे. काचतंतू आणि इपॉक्सीच्या पाटीवर तांब्याचा पातळ थर चिकटवलेला असतो. बाजारात ‘ग्लास इपॉक्सी कॉपर क्लॅड’ म्हणून ही पाटी मिळते. तिची नेहमीची जाडी १.६ मिलीमीटर आणि तांब्याच्या थराची जाडी ३५ मायक्रॉन असते. ज्या जागी पट्ट्या हव्यात तेवढाच भाग झाकायचा आणि बाकीचे तांबे रसायनाने खाऊ द्यायचे. झाकलेला भाग शिल्लक राहतो, तेच सर्किट. घरी बोर्ड बनवताना खरा प्रश्न एकच असतो. झाकण नेमके, स्वच्छ आणि कुठेही न तुटता कसे घालायचे?

टोनर ट्रान्सफर पद्धत काय आहे?

लेझर प्रिंटरचा टोनर ही शाई नसते, ती प्लास्टिकची अतिशय बारीक भुकटी असते. प्रिंटरच्या आत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेला रोलर ही भुकटी वितळवून कागदात घट्ट बसवतो. एकदा वितळलेले प्लास्टिक पुन्हा तापवले की पुन्हा मऊ होते. टोनर ट्रान्सफर पद्धत याच गुणधर्मावर उभी आहे.

संगणकावर तयार केलेले सर्किट गुळगुळीत, चकचकीत कागदावर लेझर प्रिंटरने छापायचे. टोनर वाचवण्याची सोय बंद ठेवायची आणि छाप जास्तीत जास्त गडद काढायची. हा कागद छापलेली बाजू खाली करून घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर ठेवायचा आणि उष्णता व दाब द्यायचा. टोनर मऊ होऊन तांब्याला चिकटतो. पाटी पाण्यात भिजवली की कागदाचा लगदा होऊन तो सुटतो आणि काळे सर्किट तांब्यावर राहते. टोनरवर फेरिक क्लोराइडचा परिणाम होत नाही, उघड्या तांब्यावर मात्र होतो. शेवटी अ‍ॅसिटोनने टोनर पुसला की खाली चकचकीत पट्ट्या दिसतात.

इंकजेट प्रिंटरची छाप इथे कामाची नाही, कारण तिच्या शाईत वितळून चिकटणारे प्लास्टिक नसते. दुसरी नेहमीची फसगत उलट-सुलट छाप्याची. कागद पालथा घातल्यावर चित्र उलटते, त्यामुळे भाग ज्या बाजूला बसतात त्याच बाजूच्या पट्ट्या आरशातल्यासारख्या उलट छापाव्या लागतात. खालच्या बाजूच्या पट्ट्या सॉफ्टवेअर बहुधा वरून आरपार पाहिल्यासारख्या दाखवते, त्यामुळे त्या आहेत तशाच छापायच्या. छापण्यापूर्वी सर्किटवर एखादे अक्षर टाकून ठेवले आणि ते पाटीवर सरळ वाचता येते का हे पाहिले, तर पाटी वाया जात नाही.

इस्त्रीने भागत नाही का?

भागते, पण मर्यादेत. कपड्यांच्या इस्त्रीने असंख्य विद्यार्थ्यांनी आपले पहिले बोर्ड केले आहेत. अडचण सातत्याची आहे. इस्त्रीचा तवा सगळीकडे सारखा तापत नाही, वाफेची भोके असलेल्या जागी दाब मिळत नाही आणि हाताचा जोर दर वेळी वेगळा पडतो. कडेला कमी दाबले तर पट्टी तुटते. मध्यभागी जास्त दाबले तर टोनर पसरून शेजारच्या पट्टीला टेकतो. इस्त्री जरा सरकली तर कागद सरकतो आणि सगळे चित्र फिसकटते.

अर्धा मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्या इस्त्रीने सहज येतात. पायांमधले अंतर २.५४ मिलीमीटर असलेल्या जुन्या पद्धतीच्या आयसीसाठी तेवढे पुरते. आज मात्र अनेक चिप केवळ पृष्ठभागावर बसणाऱ्या प्रकारात मिळतात आणि त्यांच्या पायांमधले अंतर ०.८ किंवा ०.५ मिलीमीटर असते. तिथे दोन पॅडमधली मोकळी जागा पाव मिलीमीटरच्या आसपास येते. इतके बारीक काम हाताच्या अंदाजावर सोडता येत नाही. लॅमिनेटरमध्ये दोन रबरी रोलर ठरलेल्या दाबाने आणि ठरलेल्या वेगाने पाटी ओढतात. दहावा बोर्ड पहिल्यासारखाच निघतो, हा लॅमिनेटरचा खरा फायदा.

मग मूळ लॅमिनेटर कमी का पडते?

कारण ते कागदासाठी बनवलेले आहे. दोन्ही बाजूंना १२५ मायक्रॉनचे प्लास्टिक आणि मध्ये साधा कागद, असा पाऊच सुमारे ०.३५ मिलीमीटर जाड होतो. सर्किटची पाटी त्याच्या जवळजवळ पाचपट जाड असते. वजनातला फरक त्याहून मोठा. दहा बाय सात सेंटीमीटरच्या पाऊचचा तुकडा सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतो, तर तेवढीच पाटी वीस ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे तापवायचा ऐवज आठ-नऊ पट. शिवाय तांबे उष्णता झटकन पसरवते, त्यामुळे रोलरखाली आलेल्या भागाची आच पुढे-मागे वाटली जाते.

वेगाचे गणितही विरोधात आहे. घरगुती यंत्र मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलीमीटर कागद ओढते, म्हणजे सेकंदाला पाच मिलीमीटरपर्यंत. दोन रोलर जिथे एकमेकांवर दाबले जातात ती पट्टी जेमतेम तीन-चार मिलीमीटर रुंद असते. म्हणजे पाटीवरच्या कोणत्याही बिंदूला खरी आच आणि दाब एका सेकंदापेक्षाही कमी वेळ मिळतो. त्यात रोलरचे तापमान पाऊचच्या गरजेपुरते, शंभर ते एकशेतीस अंशांच्या आसपास. कागदासाठी हे पुरेसे आहे. थंड, जाड पाटीवर टोनर मात्र अर्धवट चिकटतो आणि भिजवताना कागदाबरोबर निघून येतो.

यावर तीन उपाय निघतात. तापमान वाढवा, वेळ वाढवा किंवा पाटीचे वजन कमी करा. लॅमिनेटरमधले बहुतेक फेरफार पहिल्या दोन उपायांसाठी असतात.

तापमान कसे वाढवले जाते?

साध्या यंत्रांत तापमानाचे काम द्विधातू थर्मोस्टॅट करतो. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची चकती ठरावीक तापमानाला ‘टक’ आवाज करून उलटी वळते आणि हीटरचा प्रवाह तोडते. यंत्र निवले की ती पुन्हा सरळ होते. बऱ्याच थर्मोस्टॅटवर ते किती अंशांना उघडतात हे छापलेले असते. सर्वांत सरळ फेरफार म्हणजे हा थर्मोस्टॅट काढून जास्त अंशांचा, पण त्याच आकाराचा आणि तेवढाच प्रवाह व व्होल्टेज पेलणारा बसवणे. रोलर साधारण १६० ते १८० अंशांच्या दरम्यान असावा, हे लक्ष्य असते.

दिवे आणि बटणे असलेल्या नव्या यंत्रांत चकतीऐवजी थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की याचा रोध घटतो आणि आतली चिप त्यावरून अंदाज बांधते. इथे हौशी मंडळी थर्मिस्टरच्या रांगेत एक रोधक जोडून चिपची दिशाभूल करतात. समजा थर्मिस्टर २५ अंशांना एक लाख ओहमचा, नेहमीच्या ३९५० या गुणांकाचा आहे. त्याचा रोध १२० अंशांना सुमारे ४,१०० ओहम आणि १६० अंशांना सुमारे १,६०० ओहम येतो. रांगेत अडीच हजार ओहमचा रोधक टाकला, तर यंत्र प्रत्यक्षात १६० अंशांना पोहोचल्यावरच चिपला ‘१२० झाले’ असे वाटते. मात्र चिपमधली अतितापाची सूचनाही त्याच प्रमाणात फसते, हे विसरून चालत नाही.

तिसरा मार्ग खर्चिक पण अचूक. मूळ नियंत्रण बाजूला ठेवून वेगळा डिजिटल तापमान नियंत्रक, रोलरजवळ थर्मोकपल आणि हीटर चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले बसवतात. द्विधातू चकती दहा-वीस अंशांचा झोका खाऊ देते, हा नियंत्रक दोन-तीन अंशांत तापमान धरून ठेवतो.

तापमान जास्तीत जास्त ठेवले तर काम लवकर होईल, हा समज चुकीचा आहे. प्रमाणाबाहेर तापलेला टोनर पातळ होऊन पसरतो आणि बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटतात. साधी इपॉक्सी पाटीही १३०-१४० अंशांपुढे नरम पडते, त्यामुळे ती वाकू नये म्हणून बाहेर आल्यावर सपाट जागी निवू द्यावी लागते. रोलरचे सिलिकॉन रबर दोनशे अंश सोसते, पण यंत्राचे बाहेरचे प्लास्टिक आणि आतले दातेरी चाक तेवढे सोसतीलच असे नाही.

थर्मल फ्यूज काढून टाकणे ही सर्वांत मोठी चूक का?

प्रत्येक बऱ्या लॅमिनेटरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय आणखी एक छोटा भाग असतो, तो म्हणजे थर्मल फ्यूज. थर्मोस्टॅट अडकला, रिले चिकटला किंवा पाऊच गुंडाळला जाऊन यंत्र तापत राहिले, तर हा फ्यूज एकदाच वितळून हीटरची वीज कायमची तोडतो. तो पुन्हा जुळत नाही. आग आणि घर यांच्यामधला हा शेवटचा पहारेकरी आहे.

थर्मोस्टॅट बदलून तापमान वाढवले की अनेकदा मूळ थर्मल फ्यूज उडतो, कारण तो मूळ तापमानाच्या हिशेबाने निवडलेला असतो. यंत्र बंद पडले म्हणून काही जण फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडतात. यंत्र लगेच सुरू होते आणि कित्येक महिने नीट चालतेही. म्हणूनच ही चूक फसवी आहे. द्विधातू चकतीचे संपर्क वापराने चिकटू शकतात. सॉलिड स्टेट रिले तर बिघडला की बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो. त्या दिवशी हीटर थांबवणारे काहीच उरत नाही.

योग्य उपाय फ्यूज बदलण्याचा आहे. नव्या तापमानापेक्षा थोडा वरचा, त्याच प्रवाहाचा थर्मल फ्यूज त्याच जागी, हीटरला तसाच टेकवून बसवावा लागतो. तो सोल्डर करायला गेले तर सोल्डरिंगच्या आचेनेच उडतो, म्हणून तो दाबून बसवायच्या धातूच्या नळीने जोडतात. आतल्या तारांना उष्णता सोसणारे काचतंतूचे किंवा सिलिकॉनचे वेष्टनच हवे. साधी पीव्हीसी वायर हीटरजवळ मऊ होऊन उघडी पडते.

वेग कमी कसा करतात?

लॅमिनेटरची मोटर सहसा मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणाऱ्या मोटरसारखी असते. ही सिंक्रोनस मोटर व्होल्टेजवर नव्हे, विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारतेवर चालते. त्यामुळे पंख्याचा रेग्युलेटर लावून तिचा वेग कमी होत नाही. ती एकतर त्याच वेगाने फिरते किंवा घरघर करत थांबते. अनेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो.

वेग घटवायचा तर त्याच आकाराची, पण मिनिटाला कमी फेरे घेणारी मोटर शोधावी लागते किंवा दातेरी चाके बदलावी लागतात. दुसरी युक्ती म्हणजे टायमरने मोटरला थोडा वेळ वीज आणि थोडा वेळ विश्रांती देणे. पाटी टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. पण अशा काही मोटरी पुन्हा सुरू होताना उलट्या दिशेनेही फिरू शकतात. त्यामुळे तिला दिशा ठरवणारी खूण किंवा कपॅसिटर आहे का, हे आधी पाहावे लागते. शिवाय मोटर थांबलेली असताना गरम रोलर एकाच जागी टेकून राहतो आणि रबरावर खाचा पडू शकतात.

यापेक्षा सोपा मार्ग यंत्र न उघडताही करता येतो. पाटी पुन:पुन्हा आत घालायची. प्रत्येक फेरीत ती आधीपेक्षा गरम असते, त्यामुळे फेऱ्यांची उष्णता साठत जाते. दर फेरीला पाटीची दिशा बदलली तर दाबही सारखा मिळतो.

जाड पाटी आत जाते कशी?

काही यंत्रांच्या रोलरना स्प्रिंगचा आधार असतो, ते थोडे वर उचलले जातात आणि १.६ मिलीमीटरची पाटी गिळतात. काहींत रोलरची जागा पक्की असते. अशा यंत्रात पाटी घुसवली तर दातेरी चाकाचे दात जातात. स्प्रिंग असली तरी पाऊचला सरळ ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या पट्ट्या आडव्या येतात. पाटी त्यांत अडते आणि गरम रोलरमध्ये अडकून राहते. म्हणून बाहेर पडण्याच्या बाजूच्या पट्ट्या काढून वाट सरळ करतात.

पाटीच्या कडाही महत्त्वाच्या. करवतीने कापलेल्या पाटीच्या कडेला तांब्याची धार उभी राहते. ती कानशीने घासली नाही तर दोन गोष्टी होतात. कडेजवळ कागद तांब्याला टेकत नाही आणि रोलरच्या रबरावर कायमचा ओरखडा पडतो.

विजेच्या धक्क्याचा धोका किती?

तो खरा आहे आणि यंत्र बंद केल्यावरही लगेच संपत नाही. स्वस्त यंत्रांतल्या नियंत्रण पाटीत अनेकदा ट्रान्सफॉर्मर नसतो, ती थेट घरच्या विजेला जोडलेली असते. अशा वेळी निरुपद्रवी वाटणाऱ्या थर्मिस्टरच्या तारांवरही मुख्य वीज असू शकते. तिथे आपला मायक्रोकंट्रोलर जोडला आणि तो यूएसबीने लॅपटॉपला लावला, तर धक्का बसू शकतो आणि लॅपटॉपही जाऊ शकतो.

दुसरा मुद्दा अर्थिंगचा. अनेक घरगुती लॅमिनेटरना दोन पिनांचा प्लग असतो. दुहेरी वेष्टनामुळे वीज बाहेर येऊच शकत नाही, या भरवशावर ते बनवलेले असतात. आत धातूचे थर्मोकपल, स्क्रू किंवा नवी पेटी बसवली की तो भरवसा संपतो. मग तीन पिनांचा प्लग, सगळ्या धातूच्या भागांना अर्थिंग आणि घराच्या जोडणीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, ही किमान तयारी ठरते. प्लग काढल्याशिवाय आवरण न उघडणे, उघडल्यावर पूर्ण निवू देणे आणि फेरफारानंतरच्या पहिल्या चाचण्या यंत्रासमोर उभे राहूनच करणे, हे नियम विद्यार्थ्यांइतकेच अनुभवी लोकांनाही लागू आहेत. घरच्या विजेचे काम ज्याने कधी केलेले नाही त्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या जाणकाराला सोबत घ्यावे.

तापमान बरोबर झाले हे कसे कळते?

थर्मोकपल असलेल्या मल्टिमीटरने. बंदुकीसारखे दिसणारे इन्फ्रारेड मापक रबरी रोलरवर ठीक चालते, पण चकचकीत तांब्यावर सपशेल फसते. चमकणारा धातू स्वतःची उष्णता फार कमी प्रमाणात किरणांतून सोडतो, त्यामुळे मापक खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवते. तो आकडा खरा मानून तापमान आणखी वाढवणे धोक्याचे.

अंतिम परीक्षा पाटीच देते. कागद सुटल्यावर टोनर नखाने निघत असेल तर आच किंवा वेळ कमी पडला, नाहीतर तांबे नीट साफ झाले नव्हते. हिरव्या घासणीने घासून, अ‍ॅसिटोनने पुसल्यानंतर तांब्याला बोट लागले तरी तेलकट ठसा राहतो आणि त्या जागी टोनर धरत नाही. उलट पट्ट्या फुगलेल्या आणि कडा पसरलेल्या दिसल्या तर आच किंवा दाब जास्त झाला. म्हणून खऱ्या सर्किटच्या आधी ०.२ ते ०.५ मिलीमीटर रुंदीच्या रेघांचा एक चाचणी नमुना काढणे शहाणपणाचे. कोणती रेघ धड उतरली ते पाहून सर्किटची किमान रुंदी ठरवता येते.

रसायनांचे काय?

फेरिक क्लोराइड तांबे विरघळवते आणि वापरलेल्या द्रावणात तांब्याचे क्षार उरतात. हे क्षार पाण्यातल्या जिवांना घातक असतात, शिवाय द्रावण धातूच्या नळ्या आणि सिंक खाते. ते मोरीत ओतणे चुकीचे आहे. प्लास्टिकच्या भांड्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकून द्रावण निष्क्रिय केले की गाळ खाली बसतो. हा गाळ घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो. महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत अशा कचऱ्याची व्यवस्था असेल तर तिथे सोपवणे चांगले. सोडा टाकताना फेस उसळतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे. हातमोजे, चष्मा आणि हवेशीर जागा हवीच. पाटीला भोके पाडताना उडणारी काचतंतूची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्कही हवा.

फेरफार न करता पर्याय आहेत का?

आहेत आणि बहुतेकांनी आधी तेच करून पाहावेत. पहिला पर्याय ०.८ मिलीमीटर जाडीची पाटी. तिचे वजन निम्मे, त्यामुळे उष्णताही निम्मी लागते आणि ती मूळ यंत्रातून कमी त्रासात जाते. पाटी आधी गरम करून घेतली आणि आठ-दहा फेऱ्या दिल्या, तर काही यंत्रांत एकही स्क्रू न काढता काम होते.

दुसरा पर्याय दुकानांत दिसणाऱ्या पत्र्याच्या अंगाच्या लॅमिनेटरचा. त्यांना तापमान ठरवण्याचे बटण असते, रोलर चार असतात आणि काहींत पाटी मागे घेण्याची सोयही असते. जुने यंत्र मिळाले तर प्लास्टिकच्या यंत्राची चिरफाड करण्यापेक्षा ते बरे.

तिसरा पर्याय टोनरच सोडून देण्याचा. प्रकाशसंवेदी कोरडी फिल्म तांब्यावर चिकटवायला ११० अंशांच्या आसपासची आच पुरते, म्हणजे मूळ लॅमिनेटर त्यासाठी योग्य आहे. फिल्मवर पारदर्शक कागदावर छापलेले सर्किट ठेवून अतिनील प्रकाश दाखवायचा आणि धुण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणात न पक्का झालेला भाग धुऊन टाकायचा. इथे इंकजेटची छापही चालते आणि रेघा टोनरपेक्षा बारीक येतात. फिल्म अंधारात जपणे आणि प्रकाशाची वेळ ठरवणे, एवढी कसरत मात्र करावी लागते.

हा खटाटोप परवडतो का?

फक्त पैशाचा हिशेब केला तर उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असे येते. चीनमधले आणि भारतातलेही कारखाने छोट्या आकाराचे पाच-दहा बोर्ड माफक दरात करून देतात. त्यांत भोकांना आतून तांब्याचा मुलामा असतो, हिरवे संरक्षक आवरण असते आणि भागांची नावेही छापलेली असतात. घरी यातले काहीच सहज जमत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जोडायच्या तर प्रत्येक भोकातून तार ओवून सोल्डर करावी लागते.

घरच्या बोर्डाची खरी किंमत वेळेत आहे. कारखान्यातून बोर्ड यायला काही दिवस, परदेशातून मागवला तर कधी काही आठवडे जातात. बोर्ड हातात आल्यावर एक पट्टी चुकीची निघाली की तेवढेच दिवस पुन्हा जातात. प्रकल्पाचे सादरीकरण चार दिवसांवर असलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळी सर्किट आखून रात्री पाटी खोदता येणे, सकाळी चूक सापडल्यावर दुपारपर्यंत दुसरी पाटी करता येणे, याचे मोल वेगळे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून पाटी, फेरिक क्लोराइड आणि बारीक ड्रिल घेतले की त्याच दिवशी काम सुरू करता येते. शिवाय आपल्या हाताने केलेल्या बोर्डावर पट्टीची रुंदी, मोकळी जागा आणि प्रवाह यांचे नाते जितके कळते, तितके ते पुस्तकातून कळत नाही.

म्हणून क्रम ठरवून पुढे जाणे हिताचे. आधी पातळ पाटी आणि जास्त फेऱ्या. त्याने भागले नाही तर वाट मोकळी करणे. त्यानंतरच तापमानाला हात, तोही थर्मल फ्यूज जागेवर ठेवून. यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही आणि काम झाल्यावर प्लग काढायचा.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायला हवी. तापमान वाढवलेले लॅमिनेटर पुन्हा कागदाचे यंत्र राहत नाही. पाऊचमधला चिकट थर १७० अंशांना पातळ होऊन बाहेर येतो आणि पाऊच रोलरभोवती गुंडाळला जातो. त्यात कुणाची मूळ गुणपत्रिका असेल तर ती परत मिळत नाही. फेरफार केलेल्या यंत्रावर ठळक अक्षरांत ‘फक्त सर्किटसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवणे हा सर्वांत स्वस्त फेरफार आहे आणि तो सर्वांत आधी करायला हवा.